पोवई नाक्यावरचा रेनसूट आणि स्कायचा पाऊस

दीड हजाराच्या आत मिळणारा साधा दोन पीसचा रेनसूट. नायलॉनचं कापड, आतून पीव्हीसीचा थर, शिवणीवर आतल्या बाजूने पट्टी चिकटवलेली, रंग पोपटी. साताऱ्यात पोवई नाक्यावर घेतला. विम्याच्या कामामुळे पावसाळाभर मेढा, परळी, ठोसेघर अशी माझी दुचाकीवर फिरती चालू असते, त्यामुळे रेनसूट घेताना मी दुकानदाराचं डोकं खातो. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांजवळ, वारा गाडीला अक्षरशः बाजूला ढकलतो. तिथंही आतला शर्ट कोरडा राहिला. म्हणून जूनमध्ये भाच्याकडे ग्लासगोला जाताना तो बॅगेत टाकला. "परदेशात हे असलं पोपटी घालून फिरणार?" असं घरून विचारण्यात आलं. फिरलो.

भाच्याने स्काय बेटावर नेलं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला लागून आहे. 1995 साली पूल झाल्यापासून गाडी थेट बेटावर जाते. पुलाला आधी टोल होता, लोक वर्षानुवर्षं भांडले आणि 2004 मध्ये तो बंद झाला. हायवेवर टोल भरून कावलेल्या माणसाला हे ऐकून फार बरं वाटलं.

पोर्ट्री गावातून निघून बेटाच्या उत्तरेला वळसा घालून परत यायचं, एवढाच बेत. अंतर फार नाही, 50 मैलांच्या आसपास. पण हवा अशी की समोरचा डोंगर दिसायचा, पुसला जायचा, परत दिसायचा. पहिला थांबा ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, म्हणजे डोंगराच्या पोटाशी उभा असलेला 50 मीटरच्या आसपासचा सुळका. पार्किंगमधून वर चढत जावं लागतं. मी छत्री उघडली, तर भाचा म्हणाला, "मामा, ती गाडीतच ठेवा, इथं कुणी छत्री वापरत नाही." मी ऐकलं नाही. छत्रीच्या दोन काड्या पहिल्या वळणाआधीच गेल्या.

आता सूटबद्दल. आपल्याकडचा पाऊस कितीही झोडपो, तो वरून पडतो. इथला आडवा येतो, कधीकधी खालूनही. सूटच्या कापडातून थेंबभर पाणी आत आलं नाही, शिवणींनीही दगा दिला नाही. पाणी शिरलं ते गळ्यातून आणि मनगटातून. गळ्याशी चेनवरची पट्टी वेल्क्रोने बसते, ती वाऱ्याने सारखी उघडायची. टोपीची गंमत वेगळीच. ती हेल्मेटवरून ओढता यावी एवढी ऐसपैस शिवलेली, आणि हेल्मेट नसलं की फुगून मागे पडते, नाहीतर डोळ्यांवर येते. नाडी कितीही आवळा. बाहेरच्या खिशांत पाणी साचलं, आतल्या खिशातला मोबाईल मात्र शाबूत.

खरा त्रास घामाचा. गाडीवर बसून असताना कळत नाही, पण चढ चढायला लागल्यावर पीव्हीसी वाफ बाहेर सोडत नाही. अर्ध्या वाटेत बनियन चिंब, आणि थांबलो की थंडी वाजायची. भाच्याचं जॅकेट हवा खेळणाऱ्या कापडाचं, किंमत माझ्या सूटच्या कितीतरी पट. त्याचंही बाहेरचं कापड शेवटी भिजून जड झालं, पण आतून तो माझ्यापेक्षा बराच कोरडा होता. पॅन्टच्या बाबतीत मात्र मी जिंकलो. बुटांवरून सरकते, घोट्याशी बटण लागतं, चिखल पाण्याने धुतला की साफ. भाचा जीन्समध्ये कुडकुडत होता.

पुढे किल्ट रॉकजवळ तळ्याचं पाणी कड्यावरून थेट समुद्रात पडतं. वारा एवढा की धार अर्ध्यातून उलटून वर येत होती आणि आमच्याच तोंडावर. कठड्याच्या पायपांमधून शिट्ट्या वाजत होत्या. मी म्हटलं, "अरे, हा तर आपला सडावाघापूर!" पाटण तालुक्यातला उलटा धबधबा ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच पटेल. कातळसुद्धा नात्यातला वाटला. आपला सह्याद्री आणि इथले डोंगर, दोन्ही लाव्ह्याचे, साधारण सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. फक्त इथं तो लाव्हा मऊ खडकावर बसलाय, त्यामुळे पुढच्या थांब्याला, क्विरांगला, अख्खा डोंगर घसरून त्याच्या चिरफळ्या झाल्यात. काही भाग अजूनही सरकतो, खालचा रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो.

तिथला घाट एकपदरी. ठरावीक अंतरावर पांढऱ्या पाटीची रुंद जागा असते, समोरून गाडी आली की जवळ असेल त्याने तिथं थांबायचं. हॉर्न नाही, काच खाली करून शिव्या नाहीत, दोघंही हात वर करून जातात. मेंढ्यांना नियम लागू नाहीत. धुक्यात मी फोटोसाठी थोडा लांब गेलो, तेव्हा पोपटी रंगाने किंमत वसूल केली. भाच्याला दुरूनही मी दिसत होतो.

परत येताना ओला सूट डिकीत टाका. मागच्या सीटवर ठेवला तर हीटर लावल्यावर गाडीभर प्लास्टिकचा वास सुटतो.

पाचपैकी गाडीवरच्या वापराला साडेचार, डोंगर चढायला दोन. सातारा-कास-बामणोली दुचाकीवर करणाऱ्याने डोळे झाकून घ्यावा. पायी भटकंती असेल तर फक्त पॅन्ट वापरा, वर चांगलं जॅकेट घ्या. घेताना दुकानातच स्वेटरवर घालून, हात हँडलला धरल्यासारखे पुढे करून बघा. बाही मनगटावरून मागे सरकली तर एक साईझ मोठा मागा.