जुनं कोळसा वीजकेंद्र: बंद करायचं, दुरुस्त करून चालवायचं की राखीव ठेवायचं?

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या औष्णिक केंद्राचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकीकडे धूर, राख आणि हवामान. दुसरीकडे नोकऱ्या आणि ‘रात्री वीज कुठून आणणार?’ हा सवाल. दोघांचंही म्हणणं खरं असल्यामुळे वाद मिटत नाही. ज्याला खरंच निर्णय घ्यायचाय किंवा जनसुनावणीत मत नोंदवायचंय, त्याच्यापुढे चार पर्याय असतात: बंद करणं, दुरुस्त करून चालवणं, राखीव ठेवणं किंवा इंधन बदलणं. पाचवा कागदावर कुणी मांडत नाही, पण बहुतेक ठिकाणी तोच चालतो: ‘अजून एक वर्ष रेटू, मग बघू.’

आधी यंत्राची तब्येत बघा. बॉयलरमध्ये पोलादी नळ्यांचं जंगल असतं. सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांतून ५४० अंशांच्या आसपासची वाफ धावते आणि बाहेरून राखेचे कण घासत गरम वायू जातो. वर्षानुवर्षं हे सोसून नळीची भिंत पातळ होते, वेल्डिंगच्या जोडाशी बारीक चीर पडते. एक नळी फुटली की संच (बॉयलर आणि त्यावर चालणारं जनित्र) बंद. बॉयलर थंड होईपर्यंत थांबा, माणसं आत शिरून खराब तुकडा कापणार, नवा जोडणार, मग दाबाची चाचणी. यात दोन-चार दिवस सहज जातात. ऑस्ट्रेलियातल्या लिडेल केंद्राचे दोन संच फेब्रुवारी २०१७ च्या उष्णतेच्या लाटेत, म्हणजे सगळे एसी चालू असताना, अशाच गळतीमुळे बंद होते. त्यामुळे ‘कोळसा म्हणजे भरवशाची वीज’ हे वाक्य नव्या केंद्राबद्दल ठीक आहे. जुन्याबद्दल ते म्हणण्याआधी गेल्या पाच वर्षांत संच किती वेळा अचानक बंद पडले, त्याची नोंद मागा.

दुरुस्ती की निवृत्ती

खरी चुरस या दोन पर्यायांत आहे.

नूतनीकरणाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. चिमणीआधी धूळ पकडणारी यंत्रणा सुधारली, चुनखडीच्या पाण्याने सल्फर डायऑक्साइड धुऊन काढला, की आसपासच्या लोकांना फरक जाणवतो. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासाने १९९९ ते २०२० या काळात ६५ वर्षांवरच्या सुमारे ४,६०,००० लोकांच्या मृत्यूंचा संबंध कोळसा केंद्रांच्या सूक्ष्म कणांशी जोडला. त्यातले बहुतेक मृत्यू २००७ पर्यंतचे होते. पुढे गाळण यंत्रणा बसल्या, काही केंद्रं बंद झाली आणि आकडा घसरला. ब्रिटनचं शेवटचं कोळसा केंद्र रॅटक्लिफ हे ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत टिकलं. सल्फर आणि नायट्रोजन ऑक्साइड या दोन्हींवर त्यांनी वेळेत यंत्रणा बसवली होती, हे त्यामागचं एक मोठं कारण.

पण मर्यादाही ओळखा. या यंत्रणा कार्बन डायऑक्साइड अडवत नाहीत. उलट त्या चालवायला केंद्राचीच थोडी वीज खर्ची पडते. जुना संच कोळशातल्या उष्णतेच्या जेमतेम एक-तृतीयांशाची वीज करतो. अत्याधुनिक संच ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. गाळणी बदलून हा फरक भरून निघत नाही. शिवाय एवढा पैसा ओतला की तो वसूल होईपर्यंत केंद्र बंद करायला कुणी तयार होत नाही. माझ्या मते नूतनीकरणाचा खरा धोका हा आहे. खर्च हा दुसरा.

बंद करण्याचा अनुभव ठिकाणागणिक वेगळा आहे. त्याचं कारण शोधायला गेलं तर उत्तर बहुतेक वेळा पूर्वसूचनेपाशी येऊन थांबतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं १६०० मेगावॅटचं हेझलवूड नोव्हेंबर २०१६ मध्ये घोषणा करून मार्च २०१७ च्या अखेरीस बंद झालं. पाचच महिने! राज्याच्या विजेचा मोठा वाटा एकदम गेला, घाऊक दर चढले आणि शेकडो कामगारांची व्यवस्था धावपळीत लावावी लागली. त्यातून एक चांगली कल्पना निघाली: शेजारच्या केंद्रांतल्या ज्येष्ठांना ऐच्छिक निवृत्ती द्यायची आणि त्यांच्या जागी हेझलवूडचे लोक घ्यायचे. पुढे बंद करण्याआधी किमान तीन वर्षांची सूचना देण्याचा नियमही झाला. लिडेल बंद होणार हे मात्र २०१५ मध्येच जाहीर झालं होतं. एप्रिल २०२३ मध्ये ते थांबलं तेव्हा हेझलवूडसारखी खळबळ माजली नाही आणि त्याच जागेवर ५०० मेगावॅटची बॅटरी उभारायला घेतली गेली.

दक्षिण आफ्रिकेतलं कोमाटी ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं. जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले, सौर प्रकल्प आणि प्रशिक्षणाच्या योजना आखल्या गेल्या; पण केंद्र आधी थांबलं आणि पर्यायी रोजगार मागे राहिला. देशात भारनियमन सुरू असताना ही नाराजी आणखी पेटली. पैसा होता, क्रम चुकला.

ग्रिडचा मुद्दा थोडक्यात. जनरेटरचा फिरता अवजड भाग, म्हणजे रोटर, ग्रिडची वारंवारता सावरतं, व्होल्टेजलाही आधार देतं. तेवढ्याच मेगावॅटचे सौर पॅनल लावून ते काम होत नाही. बॅटऱ्या लागतात किंवा सिंक्रोनस कंडेन्सर, म्हणजे वीज न बनवता नुसतं फिरत राहून ग्रिडला आधार देणारं यंत्र. जुना जनरेटरच कंडेन्सर म्हणून फिरवत ठेवता येतो, ही सोय चर्चेत फार कमी वेळा येते.

राखीव आणि इंधनबदल

जर्मनीने लिग्नाइटवर (हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशावर) चालणारे काही संच राखीव ठेवले होते आणि २०२२ च्या गॅसटंचाईत त्यांतले काही परत बाजारात आणले. विम्यासारखी ही सोय आहे, हप्ताही तसाच: कर्मचारी, साठा, देखभाल सगळं सांभाळायचं. थंड पडलेला बॉयलर पेटवून पुरेशी वीज द्यायला अनेक तास लागतात, त्यामुळे अचानकच्या टंचाईला त्याचा उपयोग नाही. हंगामी तुटवड्यासाठी ठीक.

इंधनबदलाचं ठळक उदाहरण ब्रिटनमधलं ड्रॅक्स केंद्र. तिथे बाहेरून आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जळतात आणि त्याला स्वच्छ म्हणायचं का, यावर अजून भांडण आहे. मी या वाटेला जाणार नाही.

राख मात्र चारही पर्यायांत तुमच्या गळ्यात राहते. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या किंग्स्टन केंद्राचा राखेचा बंधारा फुटला आणि गाळ नदीपर्यंत गेला. केंद्र बंद झाल्यावर राखेच्या तलावाची जबाबदारी कुणाची आणि पैसा कुठल्या खात्यात आहे, हे आधी लिहून घ्या.

आता पाचव्या पर्यायाकडे. एरारिंग या ऑस्ट्रेलियातल्या २८८० मेगावॅटच्या केंद्राची बंद होण्याची २०२५ ची तारीख पुढे ढकलली गेली, कारण बदली वीज वेळेत तयार होईल याची खात्री नव्हती. तोटा झाल्यास त्यातला वाटा उचलायला राज्य सरकार तयार झालं. एखादी मुदतवाढ समजण्यासारखी आहे. पण तारीखच नसेल तर दुरुस्तीला पैसा मिळत नाही, नव्या प्रकल्पाला गुंतवणूकदार मिळत नाही आणि तिशीतला फिटर दुसरं काम शिकावं की नाही या पेचात अडकतो.

म्हणून माझा कौल: पाच ते आठ वर्षांनंतरची तारीख आजच जाहीर करावी, तोवर धुळीची यंत्रणा नीट चालवावी, आणि बदली क्षमता जोडली गेल्याशिवाय शेवटचा संच उतरवू नये. अपवाद एकच. बॉयलरची तपासणी असुरक्षित ठरली तर त्या संचासाठी तारखेची वाट पाहायची नाही. कामगारांच्या यादीत कंत्राटी माणसं आहेत का, हेही बघा. नुकसानभरपाईच्या मसुद्यात बहुतेक वेळा त्यांचीच नावं नसतात.