गोव्यात कॅमेऱ्यासाठी अभिनय शिकायचा तर: शिबिरं, विद्यालयं आणि कास्टिंगचे ग्रुप

अभिनयाचं शिबिर निवडताना सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारावा: प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला कॅमेऱ्यासमोर किती मिनिटं येणार? फी, पाहुण्या कलाकाराचं नाव, प्रमाणपत्र हे सगळं त्यानंतर.

शनिवार-रविवारचं शिबिर धरा. दोन दिवस, रोज सहा तास, म्हणजे ७२० मिनिटं. ओळखी, खेळ, श्वासाचे व्यायाम, बोलणं आणि चहा यांत निम्मा वेळ जातोच आणि त्यात वावगं काही नाही. उरली ३६०. वर्गात २४ जण असतील तर प्रत्येकी १५ मिनिटं. त्यातून लाइट सरकवणं, माइक लावणं, जागा ठरवणं वजा केलं की हाती दोन-तीन टेक येतात. आठच जण असतील तर प्रत्येकी ४५ मिनिटं. प्रसंग एकदा करायचा, पडद्यावर बघायचा, चूक दाखवून घ्यायची आणि पुन्हा करायचा, एवढं त्यात बसतं. खरं शिकणं त्या दुसऱ्या खेपेत होतं. म्हणून पंधराच्या वर विद्यार्थी घेणारं दोन दिवसांचं शिबिर आम्ही कुणालाही सुचवणार नाही, शिकवणारा कितीही मोठा असला तरी.

दुसरी चौकशी फुटेजची. स्वतःचे टेक घरी न्यायला मिळतात का? कच्चे, न कापलेले टेक मिळाले पाहिजेत. संगीत लावून सजवलेली एक मिनिटाची रील समाजमाध्यमावर छान दिसते, पण तिच्यात स्वतःची चूक सापडत नाही. तिसरी गोष्ट, वर्गात निदान ३२ इंची टीव्ही असावा. फोनच्या पडद्यावर नजरेची हालचाल कळत नाही आणि नवख्यांचे निम्मे दोष नजरेतच असतात.

इथल्या मुलांना नेमकं काय शिकायची गरज आहे, हे बहुतेक ठिकाणी कुणी विचारतच नाही. मुंबईहून आणलेला अभ्यासक्रम जसाच्या तसा चालवला जातो: स्टेजची भीती घालवा, आवाज मोकळा करा, लोकांसमोर उभे राहा. अरे, जत्रेच्या रात्री देवळासमोर तीन अंकी नाटक करणाऱ्या मुलाला भीती घालवायचे खेळ कशाला? गोव्यात रंगमंचाची तालीम लहानपणापासून होते. गावोगावची उत्सवी नाटकं, पेडण्याकडचा दशावतार, कला अकादमीच्या मराठी आणि कोंकणी नाट्यस्पर्धा, सासष्टीतला तियात्र हा कोंकणी संगीतनाट्याचा प्रकार. पाठांतर, आवाज, टायमिंग आणि मध्येच वीज गेली तरी न थांबण्याचं धैर्य या पोरांकडे आधीच असतं.

कॅमेऱ्यासमोर हीच पुंजी आडवी येते. सवय शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याची, आणि क्लोजअपमध्ये शेवटची रांग चेहऱ्यापासून हातभरावर. भुवया प्रत्येक शब्दाला उचलल्या जातात, मान वाक्याच्या तालावर हलते, समोरचा बोलत असताना चेहरा 'ऐकतोय' असं दाखवायला लागतो. आवाजाचंही तसंच. छातीवरच्या माइकला कुजबुजसुद्धा स्वच्छ ऐकू येते, पण मोठ्याने बोलायची सवय असलेला नट आवाज कमी करताना वाक्यातली ऊर्जाही कमी करून बसतो आणि संवाद सपाट होतो. आवाज खाली आणायचा पण हेतू तेवढाच धारदार ठेवायचा, याला आठवडे लागतात. चांगला शिक्षक एकच चार ओळींचा प्रसंग लाँग, मिड आणि क्लोज अशा तीन चौकटींत करून घेतो आणि तिन्ही लागोपाठ दाखवतो. फरक विद्यार्थ्याला स्वतःलाच दिसतो.

कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधली हालचाल पुढच्या शॉटशी जुळती ठेवणं, हा धडा तर बहुतेक शिबिरांत असतच नाही. समजा प्रसंग चहाचा आहे. 'बाबा काही बोलले का?' या वाक्याच्या आधी उजव्या हाताने कप उचलला, 'बोलले' या शब्दावर घोट घेतला आणि उत्तर ऐकताना कप बशीत ठेवला. हे मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग टिपणाऱ्या शॉटमध्ये, झालं की पुढच्या प्रत्येक कोनातून तो कप त्याच शब्दाला, त्याच हाताने, तितकाच भरलेला उचलावा लागतो. नाहीतर संकलकाला दोन शॉट जोडता येत नाहीत, आणि मग तो तुमचा उत्तम टेक सोडून जुळणारा साधा टेक घेतो. भूमिका अशीच कापली जाते. उपाय सोपा आहे: पहिल्या तालमीतच हालचाली कमी ठेवायच्या आणि प्रत्येक हालचाल एका शब्दाला बांधायची.

मार्कचंही तेच. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते, फोकस तिथला ठरलेला असतो. वीतभर पुढे गेलात तर चेहरा धूसर. खाली न बघता खुणेवर पोचायचं तर आधी खुणेवर उभं राहून उलटी पावलं मोजत सुरुवातीच्या जागेपर्यंत यायचं. तितकीच पावलं टाकत पुढे आलं की पाय बरोबर जागी पडतात. शिबिरात हे करून घेतलं तर फी बरीचशी वसूल झाली असं समजा.

दीर्घ शिक्षणाचा विचार करणाऱ्यांसाठी कांपालच्या कला अकादमीचं नाट्यविद्यालय हा अजूनही राज्यातला सगळ्यात भक्कम पर्याय. आवाज, देहबोली, रंगतंत्र आणि संहिता हे सगळं पूर्णवेळ आणि शिस्तीत शिकायला मिळतं. आमचा कल स्पष्टपणे तिकडे आहे: आधी रंगमंचाचं पक्कं शिक्षण, त्यावर कॅमेऱ्याची छोटी, नेमकी शिबिरं. उलट क्रमाने गेलेली मुलं एक-दोन जाहिरातींपुरती दिसतात, पण मोठा प्रसंग पेलताना दमतात. वर्षा उसगावकर गोव्यातून जाऊन १९८७ साली मराठी चित्रपटात आल्या त्याआधी व्यावसायिक रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या.

राज्याबाहेर जायचं असेल तर दोन दारं आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्याला पदवी लागते आणि किमान सहा नाट्यप्रयोगांतला सहभाग दाखवावा लागतो. इथे गोव्याची मुलं मुळात पुढे असतात, पण कागद ठेवत नाहीत. स्पर्धेचं प्रमाणपत्र, नाव छापलेली कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातलं परीक्षण हे सगळं पहिल्या नाटकापासून फाइलला लावा. गावच्या उत्सवी नाटकाची पत्रिकासुद्धा टाकू नका. पुण्याच्या एफटीआयआय या केंद्रीय चित्रपट संस्थेत पडद्यावरच्या अभिनयाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यालाही पदवी हवी, आणि लेखी परीक्षेनंतर ऑडिशन व मुलाखत. बारावीनंतर लगेच मुंबई गाठायचा हट्ट करणाऱ्यांनी ही पदवीची अट आधी वाचावी.

आता कास्टिंगचे व्हॉट्सॲप ग्रुप. यांचं परीक्षण करायचं तर प्रत्येक संदेशात सात गोष्टी शोधा: निर्मितीसंस्था, भूमिका, वयोगट, भाषा, चित्रीकरणाच्या तारखा, ठिकाण आणि मानधन. पाच तरी असतील तर फोन करण्यात अर्थ आहे. 'मोठ्या बॅनरसाठी नवे चेहरे, ताबडतोब संपर्क' एवढंच असेल तर सोडून द्या. ऑडिशनसाठी, 'नोंदणी'साठी, 'आर्टिस्ट कार्ड'साठी पैसे मागितले की तिथेच थांबायचं. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन मानधन मिळाल्यावर त्यातून कापलं जातं, सहसा दहा ते वीस टक्के, आधी नाही. अमक्याच छायाचित्रकाराकडून पोर्टफोलिओ करून आणा असा आग्रह हाही त्याच जातीचा. सुरुवातीला खिडकीच्या उजेडात काढलेले, मेकअपविना पाच-सहा स्वच्छ फोटो पुरतात: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीचा.

ज्युनिअर आर्टिस्ट की संवाद असलेली भूमिका, हेही आधीच विचारून घ्या. पार्टीच्या गर्दीत उभं राहायला बोलावलेल्यांना 'रोल आहे' असं सर्रास सांगितलं जातं.

सेल्फ-टेपवर, म्हणजे स्वतः फोनवर चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनवर, आज बरीच निवड होते, म्हणून ती नीट करा. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, तिपाईवर. मागचा कॅमेरा वापरायचा, सेल्फीचा नाही. फोन चेहऱ्याजवळ आणला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात, म्हणून दोन मीटर लांब ठेवून २एक्स लेन्स लावावी. छातीपासून वर चौकट, मागे साधी भिंत, उजेड समोरून. समोरचे संवाद वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी बाजूला उभा राहावा आणि त्याने हळू बोलावं, कारण फोनच्या जवळ तोच असतो. संवाद म्हणताना नजर त्याच्याकडे, लेन्समध्ये फक्त ओळख सांगताना. ओळखीत नाव, वय, उंची, राहण्याचं गाव, येणाऱ्या भाषा, मग दोन्ही बाजूंचा चेहरा आणि हात. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. पावसाळ्यात कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस सुरू झाला की आवाज वाया जातो, तेव्हा स्लॅबची खोली शोधा आणि दिवसाचा उजेड असेपर्यंत उरका.

भाषा हा गोव्याचा खरा माल आणि तोच आपली मुलं लपवतात. मुंबईच्या मालिकेसाठी प्रमाण मराठी हवी हे खरं, आणि आपल्या मराठीतला अनुनासिक हेल काढायला रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करावं लागतं. पण त्याच टेपच्या शेवटी अंत्रुजी (फोंड्याकडची), बारदेशी किंवा सासष्टीची कोंकणी, जमत असेल तर मालवणी, यांतली दोन-दोन वाक्यं जरूर जोडा. २०१४ च्या 'नाचूंया कुंपासार' या कोंकणी चित्रपटासाठी पालोमी घोष कोंकणी शिकली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. बाहेरचा नट एवढे कष्ट घेतो, मग घरात चार भाषा असलेल्याने त्या का दाखवू नयेत? सीमेपलीकडे, सावंतवाडीजवळच्या आकेरीत मराठी मालिकेचं चित्रीकरण झालेलंच आहे. त्या पट्ट्यातली बोली येणारा नट तिथे परका ठरत नाही.

इथलं काम मुख्यतः बाहेरून येणाऱ्या युनिटचं असतं: हिंदी चित्रपट, वेबमालिका, जाहिराती. त्यांना प्रवास आणि हॉटेलचा खर्च न लागणारे स्थानिक चेहरे हवे असतात. पोलीस, वेटर, कोळीण, डॉक्टर, शेजारी अशा एक-दोन दिवसांच्या भूमिका मिळतात. यासाठी चित्रीकरणाची स्थानिक व्यवस्था बघणाऱ्या लाइन प्रोड्यूसरकडे नाव असणं कास्टिंग डायरेक्टरपेक्षा उपयोगी. हंगाम ऑक्टोबर ते मे. पहाटे साडेपाचचा कॉल, लोकेशन काणकोणच्या टोकाला आणि त्या वेळी बस नाही, म्हणून स्वतःची दुचाकी किंवा युनिटच्या गाडीची खात्री आदल्या रात्रीच करून घ्यावी. हे काम किती बेभरवशाचं आहे ते २०२१ मध्ये दिसलं. एप्रिलमध्ये महाराष्ट्रातलं चित्रीकरण बंद पडल्यावर मालिका गोव्यात आल्या आणि मे महिन्यात इथल्याही परवानग्या रद्द झाल्या. दुसरं उत्पन्न सोडू नका. आकाशवाणीच्या नाट्यविभागाची श्रेणी-चाचणी देऊन ठेवणं चांगलं, आवाजाला शिस्त लागते आणि डबिंगला उपयोग होतो.

इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात आहे. अभिनेत्याने तिथे प्रतिनिधी नोंदणी करून मास्टरक्लास जरूर ऐकावेत, गोमंतकीय विभागातले चित्रपट बघावेत आणि ते बनवणाऱ्यांशी बोलावं, पुढचं काम तिथूनच येतं. २०२१ पासून तरुणांसाठी सुरू झालेल्या 'क्रिएटिव्ह माइंड्स'मध्ये अभिनय हाही विभाग असतो आणि ४८ तासांत लघुपट करायचं आव्हान असतं. निवड झाली तर ते कुठल्याही शिबिरापेक्षा मोलाचं. इफ्फीसोबतच भरणाऱ्या फिल्म बाजारच्या नोंदणीवर मात्र नटाने पैसे घालू नयेत. तिथे सहनिर्मिती, पटकथा आणि विक्री यांच्या बैठका होतात, निवडी नाही.

पैशांचं बोलणं सेटवर नाही, आधी करायचं, आणि ईमेलवर किंवा निदान संदेशात लिहून घ्यायचं: रक्कम, किती तासांची शिफ्ट, जास्त वेळ थांबवलं तर काय, आणि पैसे कधी. ६० ते ९० दिवस लागणं या धंद्यात नेहमीचं आहे. टीडीएस दहा टक्के कापला तर तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावे दिसतो का ते तपासा. पॅन कार्डवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नसेल तर पैसे तिथेच अडकतात.

मूल काम करणार असेल तर २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, लागोपाठ २७ दिवसांच्या वर नाही. मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेले पाहिजेत. परवानगीची प्रत पालकांनी मागून घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत मुलाच्या शाळेत रजेचा अर्ज देऊ नये.