खुब्याचं ऑपरेशन: 26 तासांत टेबलावर, डिस्चार्जला मात्र अख्खा दिवस

आई 78 वर्षांची. पहाटे न्हाणीघरात घसरली आणि उजवा खुबा मोडला. मी चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला आहे, बावीस वर्षं. त्यामुळे कुठेही गेलो की कोण कशासाठी खोळंबलंय हेच आधी दिसतं. अशा वाया जाणाऱ्या वेळेला आमच्याकडे मुडा म्हणतात.

2016 ला मावशीचा असाच खुबा मोडला होता. हॉस्पिटल दुसरं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणारे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारीच यायचे. फिजिशियनची फिटनेस (ऑपरेशन झेपेल असा शेरा) इकोवर अडलेली, भूलवाले फिटनेसवर. मावशी पाच दिवस पायाला वजन बांधून पडून, वर पाठीला जखम.

इथे एक्स-रे झाल्या झाल्या जांघेपाशी नस बधिर करायचं इंजेक्शन दिलं. पंधरा-वीस मिनिटांत आईने चहा मागितला! मग रक्त, ईसीजी, इको, भूलतज्ज्ञ सगळं एकदमच सुरू, एकासाठी दुसरं थांबलं नाही. कॉटच्या पायथ्याशी एक कागद लटकवलेला: काम, ठरलेली वेळ, झालेली वेळ, सही. पेन गॉजच्या पट्टीने कॉटलाच बांधलेलं. (आमच्या लाइनवर पेन अजून आठवडाभर टिकलेलं नाही.) इकोला दीड तास उशीर झाला, तर सिस्टरांनी समोर लाल शाईने कारण लिहिलं, 'लिफ्ट'. हे पाहिलं आणि मी निश्चिंत झालो.

आई ॲस्पिरिन घेते. आता आठवडाभर थांबवतील असं वाटलं होतं, पण भूलवाल्या मॅडम म्हणाल्या, "नुसत्या ॲस्पिरिनसाठी थांबायचं कारण नाही." सकाळी 7 ला दाखल, दुसऱ्या दिवशी 9 ला टेबलावर. इंग्लंडमध्ये 2010 पासून 36 तासांत ऑपरेशन आणि बाकीचे काही निकष पाळले तर हॉस्पिटलला जादा पैसे मिळतात. त्या हिशेबातही हे बसलं. अर्धा सांधा बदलला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रविवार असूनही फिजिओ आले आणि वॉकर धरून आईला चार पावलं चालवलं.

आता तक्रार. डिस्चार्ज सकाळी 10 ला सांगितला, बाहेर पडलो संध्याकाळी पावणेसहाला. विमा कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यायची हा 2024 चा नियम आहे, आणि तिने दिलीही. पण फाइल हॉस्पिटलमधूनच दोनच्या पुढे गेली, कारण न वापरलेल्या औषधांचं परतीचं बिल यायचं होतं. त्या खिडकीला ना कागद, ना लाल शाई. नवा सांधा बसवलेली बाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती.

ऑपरेशनपर्यंत पाचपैकी पाच, बिलिंगला दोन.

टाके काढायला गेलो तेव्हा मीच विचारलं, घरातल्या घरात पडून हाड मोडतं म्हणजे हाडं ठिसूळच असणार, त्याचं औषध? डॉक्टरांनी डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) आणि व्हिटॅमिन डी लिहून दिलं. कागदावर त्याचा रकानाच नव्हता. सिस्टरांनी तळाशी पेनाने एक रेघ मारली आणि लिहिलं, 'हाडांची तपासणी'.