साध्या मांडणीचे पान वेगवेगळ्या पडद्यांवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

रावेर तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी आम्ही काही महिन्यांपासून अगदी साधी, मोफत मिळालेली मांडणी वापरत आहोत. एकच स्तंभ, पांढरी पार्श्वभूमी, चित्रे नाहीत. नव्या पुस्तकांची यादी आणि सभासदांनी जमवलेल्या लेवा गणबोलीतील (खानदेशातील एक बोली) ओव्या एवढाच मजकूर. नेटवर्क कमी असले तरी पान चटकन उघडते, त्याबद्दल तक्रारीला जागा नाही.

वाचनाचा प्रश्न मात्र पडद्यागणिक बदलतो. मूळ मांडणीत अक्षरांचा रंग फिकट राखाडी (रंगाचा संकेतांक ९९९९९९) होता. पांढऱ्यावर त्याचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे माप, जेमतेम २.८५:१ भरते आणि संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ अपेक्षित आहे. खोलीतल्या मॉनिटरवर ते नाजूक, सुबक वाटते. केळीच्या बागेत मे महिन्याच्या उन्हात फोन धरला, की अक्षरांच्या आधी शिरोरेषाच दिसेनाशी होते आणि तिच्याविना शब्द सुटे पडतात. रंग ३३३३३३ केल्यावर गुणोत्तर १२.६:१ झाले. आमच्या मते हा या पानातला सर्वांत मोलाचा बदल आहे.

दुसरी अडचण ओळींच्या अंतराची. रोमन लिपी गृहीत धरून ठेवलेले, अक्षराच्या आकाराच्या १.२ पट अंतर देवनागरीला पुरत नाही, कारण वरच्या ओळीचे उकार आणि जोडाक्षरांच्या खालच्या भागांची खालच्या ओळीच्या वेलांट्यांशी व रफारांशी गर्दी होते. आम्ही ते १.७ पट केले, आणि ओव्या वाचणाऱ्या वयस्क सभासदांना त्याचा लगेच उपयोग झाला. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवणेही आवश्यक आहे. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, तिथे ते त्यानंतरच उमटतात.

रुंद मॉनिटरवर ओळ पडदाभर पसरत असे, म्हणून स्तंभाला कमाल रुंदी घातली. फोनवर उलट अडचण होती: दोन्ही बाजूंना ४० पिक्सेलचे समास, म्हणजे ३६० पिक्सेल रुंदीतले ८० रिकामेच. बोटांनी पान मोठे करण्याची सोयही मांडणीने बंद ठेवली होती आणि अनेक अँड्रॉइड फोनवर ती खरोखरच बंद पडत होती. असे निर्बंध कोणीही घालू नयेत, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

पुस्तकयादीचा तक्ता अजूनही लहान फोनवर आडवा सरकवावा लागतो. त्यासाठी प्रत्येक पुस्तकाची नोंद दोन ओळींत मांडण्याचे काम सध्या चालू आहे.