इंग्रजीची पदवी: तीन वर्षं वापरून झाल्यावर

नवा फोन घेतला की आपण चार दिवसांत त्यावर मत लिहून मोकळे होतो. मग ज्यात तीन वर्षं घातली त्यावर का नको? परवाच पदवीचा कागद हातात आलाय. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, विषयाबद्दल बोलते.

बोलणं सुधारावं म्हणून इंग्रजी साहित्य घेणार असाल तर नका घेऊ. पहिले सहा महिने तर मी बोलताना जास्तच अडखळायला लागले होते, कारण येत असलेल्या शब्दांवरचाच भरवसा उडाला होता.

त्याला कारण मेंढ्या. पहिल्या वर्षी शेक्सपिअरच्या ‘हेन्री द सिक्स्थ’च्या तिसऱ्या भागातला उतारा होता. लढाई जुंपलेली असताना राजा बाजूला टेकाडावर बसून म्हणतो, मी मेंढपाळ असतो तर किती बरं झालं असतं. त्या भाषणात मेंढ्यांना ‘सिली’ म्हटलंय. सिली म्हणजे मूर्ख, एवढं तर मला पाचवीपासून ठाऊक! मी दीड पान खरडलं: राजाला प्रजा बिनडोक वाटते, हरत आला तरी माज गेलेला नाही, वगैरे वगैरे. बाईंनी समासात ‘कोश बघितलास?’ एवढंच लिहून कागद परत दिला.

बघितला. ऑक्सफर्डचा तो मोठा कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ हप्त्याहप्त्याने निघत होती. ‘सिली’चा मूळ अर्थ धन्य, सुखी. मग निष्पाप, मग दुबळा, कीव यावी असा. मूर्ख हा अर्थ पार मागून आलेला. म्हणजे राजाची मेंढरं बापडी होती! आपल्याकडे इतका नेमका शब्द असून मला तो सुचला नाही. माझं दीड पान पाण्यात गेलं, पण भाषण पुन्हा वाचलं तेव्हा आधी माजोरी वाटलेला राजाच बापडा दिसायला लागला. तीन वर्षांचे पैसे त्या संध्याकाळी वसूल झाले असं मी मानते.

भाषेच्या इतिहासाचा पेपर असाच. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्याच्या स्पेलिंगमधला ‘के’ पूर्वी खरंच उच्चारला जायचा. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला ‘बी’ मात्र इंग्रजीत कधीच कोणी उच्चारला नाही. लॅटिनशी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी तो नंतर घुसडला. शाळेत श्रुतलेखनात त्या ‘बी’पायी गेलेला अर्धा गुण आता कोणाकडे मागू?

समीक्षा-सिद्धान्ताबद्दल थोडक्यात सांगते. रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६७ साली लेखक मेल्याचं जाहीर केलं, म्हणजे अर्थ लावताना लेखकाच्या आयुष्याकडे बघू नका, हे आम्ही महिनाभर शिकलो. परीक्षेत त्यावर प्रश्न आला आणि लगेच खाली दुसरा, कवीच्या आयुष्याच्या आधारे कवितेचा अर्थ सांगा. दोन्ही सोडवले. गुणही मिळाले!

खरी तक्रार वेगाची आहे. डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ महिन्याच्या हप्त्यांनी छापली गेली. त्या काळच्या वाचकांना दीड वर्ष मिळालं, आम्हाला नऊ दिवस, आणि त्यातच दोन निबंध. सदुसष्ट प्रकरणांपैकी मी पहिली पंधरा आणि शेवटची चार वाचली आणि चर्चेत गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. आम्ही बारा जण होतो. पूर्ण वाचलेले दोघंच, हे निकाल लागल्यावर एकेकाने कबूल केलं. एका शब्दापाशी थांबायला शिकवणारा अभ्यासक्रम आठशे पानं अशी पळवत नेतो, याचं उत्तर मला कोणी दिलं नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. एक डिकन्सपायी कापला. उरलेला अर्धा ग्रंथालयाच्या लॉगिनचा: निकालानंतर महिन्याभरात ते बंद केलं, त्याबरोबर कोशही गेला. तेव्हा मी ‘नाइस’ची नोंद वाचत होते. त्याचाही जुना अर्थ मूर्ख, इथपर्यंत पोचले होते. प्रवेश घेणार असाल तर जाड कादंबऱ्या सुट्टीतच उरकून घ्या आणि कोश लॉगिन आहे तोवर वापरा.