मुक्त फॉन्ट: पडद्यावर भरवशाचा, कागदावर जपून

मुंबईच्या ‘एक टाईप’चा ‘मुक्त’ फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, आणि परवाना खुला असल्याने विक्रीच्या पुस्तकातही चालतो. एक्स्ट्रालाईटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत सात वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत. रोमन अक्षरं देवनागरीशी मापाने जुळवलेली आहेत, त्यामुळे मराठी वाक्यात आलेलं इंग्रजी नाव उपरं वाटत नाही.

मोबाईलवर हा फॉन्ट उत्तम. रेषा जवळपास सारख्या जाडीच्या, अक्षरांच्या पोटात मोकळी जागा. १७-१८ पिक्सेलला ‘ष्ट्र’ आणि ‘द्ध’ सहज ओळखू येतात. ओळींचं अंतर मात्र १.७ पट ठेवा. इंग्रजी साच्यातलं १.२ तसंच राहू दिलं तर ‘उद्धृत’चा ऋकार खालच्या ओळीतल्या ‘मूर्तींची’च्या रफार-अनुस्वारावर आदळतो. मथळ्याच्या चौकटीला ‘ओव्हरफ्लो हिडन’ (बाहेर जाणारा भाग लपवणारी सूचना) असेल तर वरची वेलांटी चक्क कापली जाते. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच हवं, नाहीतर शिरोरेघ तुटते. ही चूक मराठी संकेतस्थळांच्या मथळ्यांत फार दिसते. फॉन्टला तिरपा प्रकार नाही. ब्राउझर स्वतःच अक्षरं वाकवतो आणि ती पडल्यासारखी दिसतात. जोर द्यायला ६०० वजन (सेमीबोल्ड) वापरा. प्रत्येक वजनाची फाइल वेगळी असते, म्हणून ४०० (रेग्युलर) आणि ६०० एवढीच मागवा.

छपाईत हिशेब बदलतो. जाहिरात, माहितीपत्रक, तक्ते यांना मुक्त शोभतो. दोनशे पानांच्या कादंबरीला नाही. सलग वाचनात एकाच जाडीची रेषा डोळ्यांना कंटाळा आणते. तिथे जाड-बारीक रेषांचा ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्यावा, पण त्यात ठळक वजन नाही हे धरून मथळ्यांची सोय आधीच करावी. मॅप्लिथोवर (पुस्तकांचा बिनचकाकीचा कागद) मुक्तचा रेग्युलर १०.५ पॉइंट, लीडिंग (ओळींचं अंतर) १५ ठीक बसतो. न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्राचा कागद) शाई पसरते, म्हणून मीडियम टाळा. ‘क्ष’ची पोकळी भरून जाते.

वेबवर मजकुराला गडद राखाडी रंग देतात. तोच रंग छापायला गेला की जाळीचे ठिपके पडतात आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. छपाईसाठी शंभर टक्के काळा, तोही फक्त काळ्या प्लेटवर (छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते). चार रंगांतून बनवलेला काळा प्लेट जरा सरकली तरी रंगीत सावली टाकतो. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जोडणारा पर्याय) निवडा, नाहीतर जोडाक्षरं हलंत होऊन सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाते.

छापील मजकूर वेबवर चढवताना फॉन्टला दोष देण्याआधी मजकूर तपासा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून रूपांतर करताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. कागदावर ती मुद्रणदोषापुरती चूक. वेबवर तो शब्द शोधात सापडतच नाही. ‘बाजूच्या चौकटीत पाहा’, ‘पान ७ वर’ ही वाक्यंही बदलावी लागतात, कारण मोबाईलवर बाजूची चौकट खाली गेलेली असते आणि पान ७ नसतंच. तिथे त्या मजकुराचं नाव लिहून त्यालाच दुवा द्या. नुसतं ‘इथे क्लिक करा’ लिहिलं तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला दुवा कशाचा हे समजत नाही.