'कोसला' आधी की 'सात सक्कं त्रेचाळीस'?

सोलापुरातून पुण्याला शिकायला निघालेल्या पोरांनी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसल्या बसल्या 'कोसला' उघडावी. भालचंद्र नेमाडे यांच्या या १९६३च्या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात येतो. कॉलेज, होस्टेल, मेस, पोरांच्या बाता, सगळं सांगत तो पोट धरून हसवतो. मग त्याची लहान बहीण मनी जाते. आतापर्यंत हसवणारा तोच आवाज अंगावर येतो. ती पानं मला अजूनही एका दमात वाचवत नाहीत.

किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) जास्त काळी, जास्त धीट. पण कुशंक पुरंदरेचं निवेदन मागेपुढे उड्या मारतं, लक्ष हललं की धागा सुटतो. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी पंख्याखाली सलग वाचा. पहिली मात्र 'कोसला'च.